डेबियनची कुठली शाखा कुठल्या मशीनवर

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या मुख्य शाखा तीन: स्टेबल (पक्की, सुटलेली), टेस्टिंग (पुढच्या स्टेबलची तयारी) आणि अनस्टेबल ऊर्फ सिड (सगळ्यात नवी). माझा हिशेब साधा आहे. जे मशीन बंद पडलं तर दुसऱ्या कुणाचं काम अडतं, त्यावर स्टेबल. जे बंद पडलं तर फक्त माझीच चिडचिड होते, त्यावर सिड. 'नवं व्हर्जन हवंय' हे शाखा बदलायचं कारण क्वचितच असतं. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

आधी पॅकेजचा (इन्स्टॉल करायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याचा) प्रवास बघा. मेंटेनर (त्या पॅकेजची काळजी घेणारा) नवं व्हर्जन चढवतो ते अनस्टेबलमध्ये, म्हणजेच सिडमध्ये. तिथे काही दिवस निघाले (घाई किती त्यावर, साधारण 2 ते 10), नवा गंभीर बग आला नाही आणि दुसरं काही मोडत नसेल, तर ते आपोआप टेस्टिंगमध्ये उतरतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात आणि उरलेले बग काढून तेच स्टेबल म्हणून सोडतात. 9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, असंच आलं. एक्सपेरिमेंटल या रांगेतच नाही. ती अख्खी सिस्टिम नव्हे, सिडवर वरून घ्यायची अर्धीकच्ची पॅकेजेस आहेत.

टेस्टिंग म्हणजे सुवर्णमध्य, असं बरेच जण समजतात. मला पटत नाही. सुरक्षेची दुरुस्तीही बहुतेकदा सिडमधूनच खाली येते आणि वाटेत एखाद्या पॅकेजपायी अडकून बसते. सिडमध्ये मोडतोड जास्त, पण दुरुस्तीही लवकर. अर्थात सिडलाही किंमत आहे: मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्सच्या (फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या) 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची चोरवाट) सापडलं, तेव्हा ते सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं. स्टेबलला धक्का लागला नाही, कारण तिथे जुनंच व्हर्जन होतं.

सोर्सेसच्या फाइलीत (पॅकेजेस कुठून घ्यायची ते अ‍ॅप्टला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, सांगणारी फाइल) 'स्टेबल' लिहू नका, 'ट्रिक्सी' लिहा. नाहीतर पुढचं व्हर्जन सुटेल त्या दिवशी तुमचा नेहमीचा अपडेट तुम्हाला नव्या डेबियनकडे ओढायला लागेल.

स्टेबलवर एखादंच नवं पॅकेज हवं असेल तर ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स (ट्रिक्सीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजेसचं भांडार) जोडा. त्याची प्रायॉरिटी (मोठा आकडा जिंकतो) 100 असते, नेहमीच्या भांडाराची 500. त्यामुळे तुम्ही 'डॅश टी' (शाखेचं नाव सांगायचा पर्याय) देऊन मागितल्याशिवाय तिथून नवं काही येत नाही. एक्सपेरिमेंटलची तर 1 च. कोण कुठून येणार याची शंका असेल तर 'अ‍ॅप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढं चालवलं की आकडे समोर येतात. मात्र स्टेबलमध्ये सिडची ओळ घुसवू नका. एका छोट्या प्रोग्रामसाठी नवी सी लायब्ररी (जिच्यावर जवळपास सगळे प्रोग्राम चालतात) ओढली जाते आणि तिच्यावरून धड मागे येता येत नाही.

सिडवर असाल तर एकच सवय लावा: 'फुल-अपग्रेड' (गरज पडली तर काही पॅकेजेस काढूनही सगळं नवं करणारी आज्ञा) दिल्यावर यादी वाचा. ट्रिक्सीपासून अ‍ॅप्ट काढून टाकायची पॅकेजेस वेगळ्या मथळ्याखाली लाल रंगात दाखवतं. जुनी लायब्ररी जाऊन तिचीच नवी आवृत्ती येत असेल तर ठीक. पण त्यात डेस्कटॉप, लॉगिन मॅनेजर किंवा नेटवर्क मॅनेजर दिसला, तर समजा की मोठ्या लायब्ररीचं स्थलांतर (तिच्यावर चालणारी पॅकेजेस तिच्या नव्या आवृत्तीवर नेणं) चालू आहे आणि निम्मी पॅकेजेस अजून नव्याने बांधलेली नाहीत. खालच्या प्रश्नाला नुसतं एंटर दाबणं म्हणजे 'हो', हे लक्षात असू द्या. 'एन' दाबा, तूर्त साधं 'अपग्रेड' चालवा (ते काही काढत नाही) आणि दोन-चार दिवसांनी परत बघा. 'अ‍ॅप्ट-लिस्टबग्ज' टाकलंत तर नोंदलेले गंभीर बग इन्स्टॉल होण्याआधीच दिसतात.

तरीही काही मोडलंच, तर डेबियनच्या स्नॅपशॉट भांडारात तारखेप्रमाणे जुनी पॅकेजेस मिळतात. तिथून मागचं व्हर्जन घ्या, 'अ‍ॅप्ट-मार्क होल्ड' लावून अडवून ठेवा, आणि बग मिटला की 'अनहोल्ड' करा.