बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर तपासा

गाडी सकाळी स्टार्ट होत नाही म्हटलं की आपण थेट नवी बॅटरी घेऊन येतो, आणि आठवड्याभरात तीही बसते. दोष बरेचदा अल्टरनेटरचा, म्हणजे चालत्या इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा असतो. व्होल्ट मोजायचा साधा मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद असताना चांगल्या, चार्ज झालेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आता हेडलाइट, एसीचा ब्लोअर लावा. आकडा १३ च्या खाली घसरला तर चार्जिंग कमी पडतंय. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्ट आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय, आणि तो बॅटरी उकळवतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय मात्र सोडा. आजच्या गाडीत त्या झटक्याने ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) उडू शकतो, तो अल्टरनेटरपेक्षा महाग!

लगेच नवा अल्टरनेटरही घेऊ नका. आधी बेल्ट सैल आहे का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का, अर्थिंगची वायर घट्ट आहे का, ते बघा. तेही ठीक असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. नुसते कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा बेअरिंग बदलून काम पुष्कळदा भागतं.

अल्टरनेटर स्वतः काढणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर गाडी बंद असतानाही लाइव्ह असते, पाना टेकला की ठिणगी.