रंकाळ्यावर माहितीपट करायचा असेल तर

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर चित्रीकरणाला गेलेले बहुतेक जण पहिल्या संध्याकाळी चौपाटीवर उभे राहून शालिनी पॅलेसमागे मावळणारा सूर्य टिपतात आणि तिथेच अडकतात. ते दृश्य देखणे असते, पण तलावाचे पाणी इतके प्रदूषित का झाले, हे त्यातून उमगत नाही. म्हणून सुरुवात काठावरून न करता तलावाला मिळणाऱ्या नाल्यांपासून करावी.

त्यासाठी एप्रिल महिना निवडावा. पावसाचा थेंब नसताना नाला वाहत असेल, तर ते पाणी कोठून येते हे निवेदकाला वेगळे सांगावे लागत नाही. नाल्याच्या कडेने वस्तीपर्यंत उलटे चालत जाऊन, जिथे जिथे पाइप येऊन मिळतो तिथे तिथे थांबून चित्रीकरण करावे. विसर्जनाकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण विसर्जन वर्षातले काही दिवस असते आणि सांडपाणी रोज येते, हे संकलन करताना विसरू नये.

पुढचा भाग पहाटेचा. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ व केंदाळ (जलपर्णी) पोसते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो वापरते आणि कुजणारा गाळही त्यात वाटा उचलतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. ट्रायपॉड लावून पाचच्या आत काठावर तयार राहावे आणि पार्श्वसंगीत न घालता त्या तोंडांचा बारीक पचपच आवाजच ठेवावा. पाण्याचा गढूळपणा दाखवायला २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी दोरीला बांधून सोडावी. ती दिसेनाशी होते तिथे दोरीला गाठ मारून ती गाठ पट्टीशेजारी धरून दाखवली, की आलेखाची गरज उरत नाही.

केंदाळ काढणाऱ्या यंत्राचे चित्रीकरण सगळेच करतात. तुम्ही महिन्याभराने त्याच जागेवरून, तीच चौकट धरून पुन्हा चित्रीकरण करावे; अनुकूल हवामानात केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते.

मुलाखतीत भेळवाल्या मावशींना किंवा सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना ‘प्रदूषणाबद्दल काय वाटते’ असे विचारल्यास भाषण मिळते. त्याऐवजी ‘आजोबा, या पाण्यात शेवटचे कधी उतरला होतात?’ असे विचारावे आणि नंतर गप्प बसावे. उत्तरापूर्वीची शांतता कापू नये.

कागदपत्रांसाठी महानगरपालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असल्याने, पाण्याच्या तपासणीचे अहवाल आणि सांडपाणी वळवण्याच्या कामाचा खर्च यांसाठी दोन वेगळे अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या दृश्यांसाठी फार वणवण करावी लागणार नाही, कारण कोल्हापूर हे चित्रपटनिर्मितीचे गाव असल्याने रंकाळा अनेक मराठी चित्रपटांतून दिसतो. मात्र भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा लेखी परवानगीविना एकही चौकट उचलू नये. जुन्या चित्रपटातील नितळ पाण्याचे दृश्य मिळालेच, तर ते आरंभी न वापरता नाल्यानंतर लगेच जोडावे.