कुत्र्याचा पाय माणसाच्या पायासारखा समजू नका: तपासताना, नखं कापताना, पट्टी बांधताना या चुका टाळा

कुत्र्याच्या मागच्या पायात मध्येच मागे वळलेला जो सांधा दिसतो, त्याला बहुतेक लोक गुडघा म्हणतात. तो घोटा आहे आणि त्याचं मागे आलेलं टोक म्हणजे टाच. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पुढच्या बाजूला, पोटाच्या रेषेजवळ असतो. आपल्यासारखी वाटीही तिथेच असते. पुढच्या पायात पंजाच्या जरा वर वाकतो तो सांधा मनगट, आणि कोपर थेट छातीला लागून. कुत्रा तळवा टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. डॉक्टरांना फोनवर ‘गुडघा सुजलाय’ सांगितलं आणि सूज प्रत्यक्षात घोट्याला असली, तर सल्ला चुकीच्या सांध्याचा मिळतो. म्हणून फोटो पाठवा किंवा ‘जमिनीपासून पहिला सांधा, दुसरा सांधा’ असं मोजून सांगा.

पिल्लाला पुढचे दोन पाय धरून उचलणं ही दुसरी सर्रास चूक. माणसाचा हात गळपट्टीच्या हाडाने (कॉलरबोनने) धडाला जोडलेला असतो. कुत्र्यात ते हाड नावापुरतंच असतं. पुढचा पाय केवळ स्नायूंच्या आधाराने धडाला जोडलेला असतो. उभ्या कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, पण ते पायांना दाबणारं वजन आहे. वरून ओढलं की खांदा आणि कोपर दुखावतात. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, एवढं पुरे.

नखं

माणसाचं नेलकटर वापरू नका. आपलं नख चपटं, कुत्र्याचं गोलसर आणि जाड. चपट्या पात्यात ते कापलं जाण्याआधी चिरडतं आणि उभं फाटतं. कुत्र्यांसाठीचा कटर घ्या आणि त्याची धार गेली की बदला.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. त्याच्या 2 मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्या नखात बाहेरून काहीच कळत नाही आणि चुका तिथेच होतात. बोटाच्या गादीवर खालून अंगठा हलका दाबा, म्हणजे नख पुढे येईल. मग 1-1 मिलिमीटरचे काप घ्या आणि दर कापानंतर कापलेली बाजू बघा. आधी ती कोरडी, भुरकट दिसते. मधोमध ओलसर, गडद ठिपका दिसू लागला की थांबा. पुढचा काप रक्ताचा असेल.

खूप वाढलेली नखं एकाच दिवशी आखूड करायला जाऊ नका. नखाबरोबर गाभाही लांबलेला असतो. दर आठवड्याला थोडंथोडं कापत गेलं की तो हळूहळू मागे सरकतो. लादीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं लांब आहेत असं समजा. अशी नखं जमिनीला लागून बोटं वर ढकलतात, भार मागे जातो आणि बोटांची ठेवण बिघडते.

रक्त आलंच तर तुरटीची बारीक पूड किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर 3 ते 5 मिनिटं दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाने उचलून बघितलं की गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. अर्धवट तुटून लोंबणारं नख मात्र घरी ओढू नका. ते फार दुखतं, बऱ्याचदा भूल देऊन काढावं लागतं.

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर असलेली पाचवी नखी, म्हणजे ड्यूक्लॉ, हमखास विसरली जाते. ती जमिनीला घासत नाही, त्यामुळे झिजतही नाही, आणि वळत वळत कातडीत घुसते. ती निरुपयोगी आहे म्हणून काढून टाका, हा सल्लाही मानू नका: पुढच्या पायात ती हाडाने जोडलेली असते आणि वळताना किंवा हाड धरून चावताना कुत्रा ती वापरतो. मागच्या पायात असली तर बहुधा कातडीलाच लोंबते आणि कशात तरी अडकून फाटू शकते. तिचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

लंगडताना चुकीचा पाय धरणं

पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा चालताना डोकं वरखाली करतो. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. अनेकजण नेमकं उलट समजून धडधाकट पाय दाबत बसतात. समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, हळू करून बघा. दवाखान्यातही तो उपयोगी पडतो, कारण तिथे घाबरलेला कुत्रा बऱ्याचदा नीट चालून दाखवतो.

तपासणी खालून सुरू करा: बोटांमधल्या बेचक्यांत काटा, काच, गोचीड, मग नखं, मग गाद्या, मग एकेक बोट आणि शेवटी वरचे सांधे. प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूच्या पायाशी तुलना करा. दुखलं की लाडका कुत्राही चावतो, म्हणून मुसकी घाला; मात्र तो जोरात धापा टाकत असेल किंवा उलटी करत असेल तर नको.

पाय अजिबात टेकत नसेल, लोंबत किंवा वाकडा असेल, तर वाट बघू नका. हलकं लंगडणंही दोन दिवसांत कमी झालं नाही तर दाखवा. बसताना एक मागचा पाय बाजूला टाकून बसणं हे गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) फाटल्याचं लक्षण असू शकतं. पॉमेरेनियनसारखा छोटा कुत्रा चालता चालता दोन पावलं पाय उचलून उडी घेतो आणि पुन्हा नीट चालतो, तेव्हा वाटी सरकण्याची शंका घ्या.

घरातली गोळी देऊ नका, यावर तडजोड नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला जखमा करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात; पॅरासिटामॉल यकृत आणि रक्तातल्या लाल पेशींवर घाला घालतं.

गाद्या, ऊन आणि पाऊस

गादी जाड असली तरी भाजते. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू 7 सेकंद ठेवता आली नाही तर फिरायला नेऊ नका. भाजलंच तर 10 मिनिटं साधं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद-तेल काही नको.

पावसाळ्यात पाय धुतले जातात, पण बेचक्या ओल्याच राहतात आणि तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं: लाली, वास, सतत चाटणं, पांढऱ्या केसांवर लाळेचे तपकिरी डाग. फडक्याचं टोक प्रत्येक बेचक्यात घालून कोरडं करा. पावडर थापू नका, ओलीत तिचा लगदा होतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून नेणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या (लेप्टोच्या) जंतूंना वाट देणं.

पट्टी

जखम मनगटावर असली तरी पट्टी बोटांपासून वर बांधत न्या. फक्त मधे आवळली की पंजा सुजतो. बोटांमध्ये कापूस ठेवा आणि मधल्या दोन बोटांची टोकं उघडी सोडा. दिवसातून दोनदा बघा: ती दोन नखं एकमेकांपासून फाकली असतील, बोटं गार पडली असतील किंवा वास येत असेल तर पट्टी लगेच सोडा. बाहेर नेताना वरून दुधाची रिकामी पिशवी चढवा, घरी आल्याबरोबर काढा. ती रबरबँडने बांधू नका. केसांत लपलेला रबरबँड विसरला जातो आणि कातडी कापत हाडापर्यंत जातो.