मांजरवेड्या पोरांसोबत चेटकिणींचे पिक्चर कसे बघायचे

मांजरवेडं पोर चेटकिणीचा पिक्चर बघायला बसलं की ते चेटकिणीकडे बघतच नाही, त्याचं सगळं लक्ष मांजराकडे. माझी भाची सहा वर्षांची असताना तिने पिक्चरच्या मधेच माझा हात घट्ट धरून विचारलं, मावशी, हे मांजर मरणार नाही ना, आणि मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी आधी एकटी बसून मांजराचं शेवटी काय होतं ते बघून घेते आणि मगच पोरांना बोलावते. तुम्हीही पहिलं काम हेच करा, तुमच्यासाठी शेवट फुटला तर फुटू दे.

उदाहरणार्थ 1993चा होकस पोकस. त्यातला काळा बोका बिंक्स हा खरंतर मुलगा, 1693 साली अमेरिकेतल्या सेलम गावातल्या चेटकिणींनी त्याला मांजर केलेलं आणि वर मरणही येणार नाही असा शाप दिलेला. मधे तो बसखाली येऊन पार चपटा होतो आणि मग फुगून परत उठतो. उठतो खरा, पण तोपर्यंत लहान पोरांचा श्वास अडकतो, म्हणून बस दिसायच्या आधीच सांगून ठेवा की तो उठणार आहे. शेवट जास्त अवघड आहे. चेटकिणी संपतात, शाप सुटतो, मांजराचं शरीर निपचित पडतं आणि त्यातून मुलाचा आत्मा बाहेर येऊन आपल्या बहिणीकडे जातो. आपल्याला ती सुटका वाटते पण पोराला फक्त न हलणारं मांजर दिसतं, तेव्हा बिंक्सला इतकी वर्षं बहिणीला भेटायचं होतं हे आधीपासून बोलत राहा, मग तो सीन त्यांना झेपतो. आणि हो, त्यात व्हर्जिन हा शब्द सारखा येतो, उत्तर तयार ठेवा. मी तरी आठ-नऊ वर्षांच्या आत दाखवणार नाही.

हॅरी पॉटरमधे मांजरांना वेळ कमी मिळतो. पहिल्या भागात वर्गातल्या टेबलावरचं मांजर उडी मारता मारता मॅकगोनागल बाई होतं, तो सीन पोरं चार वेळा रिवाइंड करायला लावतात, लावू द्या. तिसऱ्या भागातला नारिंगी बोका क्रूकशँक्स हॅरीचा मित्र रॉन याच्या उंदरामागे का लागतो ते मात्र आधी अजिबात सांगू नका. कोरलाइन नावाच्या पिक्चरमधला काळा बोका मला सगळ्यात आवडतो, त्याला नाव नाही आणि नकोही आहे, पण पिक्चर चांगलाच भीतीदायक आहे, लहानांसाठी नाही.

दुसऱ्यांदा बघताना पॉजचा खेळ खेळा. बिंक्ससाठी खरी मांजरं, यांत्रिक बाहुलं आणि कॉम्प्युटर असं तिन्ही वापरलंय, तर कुठल्या शॉटमधे काय आहे ते ओळखायचं. बोलताना तोंडाकडे बघा, एरवी कानांकडे, कारण खऱ्या मांजराचे कान आवाज येईल तिकडे वळतात. एकाच भूमिकेसाठी बऱ्याचदा सारखी दिसणारी अनेक मांजरं असतात, एक उडीत पटाईत तर दुसरं शांत बसण्यात, आणि शिकवणारे खाऊ देऊन शिकवतात. हे कळलं की पोरांची भीती निम्मी होते.

चेटकिणीचं मांजर काळंच का, हा प्रश्न येणारच. तेव्हा सांगा की नेहमी काळंच नसायचं, इंग्लंडमधे 1566 साली चेम्सफर्डला काही बायकांवर चेटूक केल्याचा खटला झाला, त्यातलं मांजर पांढरं, ठिपकेवालं होतं. त्या बायका खऱ्या होत्या आणि त्यातल्या एकीला फाशी झाली, हे मोठ्या पोरांना जरूर सांगा, लहानांना मांजराच्या रंगापर्यंत पुरे.

सुरुवात करायची असेल तर मात्र 1989ची किकी, जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा कार्टून पिक्चर. तेरा वर्षांची चेटकीण, तिचा काळा बोका जीजी, कोणी मरत नाही. जीजी खेळण्यातलं मांजर असल्याचं नाटक करत हलायचंसुद्धा नाही म्हणून बसतो आणि म्हातारा कुत्रा त्याला सांभाळून घेतो, तिथे पोरं जाम हसतात. पुढे किकीची जादू जाते आणि जीजीचं बोलणं तिला कळेनासं होतं. मूळ जपानीत ते परत कधीच कळत नाही, 1998च्या इंग्लिश डबमधे शेवटी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, नंतर ते काढलं. माझं ऐका, जपानीतच बघा, ती गप्प राहिलेली मैत्री पोरांना आपल्यापेक्षा लवकर समजते. सबटायटल वाचता येत नसतील तर शेजारी बसून हळू आवाजात वाचून दाखवा, शेवटी जीजी खांद्यावर चढतो तिथे वाचायला काही नसतं, तो नुसतं म्याव करतो.