लीड्समध्ये अडकलेली अनामत कशी सोडवली – माझा अनुभव

इंग्लंडमधल्या लीड्सच्या हाइड पार्क भागात आम्ही चौघी एका बॅक-टू-बॅक घरात राहायचो. लाल विटांची ही जुनी घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागे खिडकीच नाही, हवा खेळणार कुठून? घर सोडल्यावर मालकाने अनामतीतून मोठी कपात सांगितली: जिन्यावरचा गालिचा झिजला, भिंतीला बुरशी धरली.

मी आधी अनामत कुठे ठेवलीय ते शोधलं. इंग्लंडमध्ये २००७ पासून ती सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते. आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. नोंदवली नसेल तर न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. आमची नोंद होती, म्हणून योजनेच्याच मोफत तंटा निवारणाकडे गेले.

तिथे सगळा खेळ पुराव्याचा, आणि नुकसान सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. राहायला आलो त्या दिवशीची इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांच्या अवस्थेची यादी, जोडली. जिन्याच्या गालिच्यापुढे 'विटलेला, कडा उसवलेल्या' असं एजंटनेच लिहिलं होतं. बुरशीसाठी हिवाळाभर पाठवलेले ईमेल, तारखांसकट फोटो. रोजच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तोंडपाठच करून ठेवा. दोन्ही कपाती रद्द झाल्या. ओव्हनच्या सफाईसाठी कापलेले पैसे मात्र गेले.

नव्याने घर शोधणाऱ्यांनो, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही. घर राखून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं. त्याहून जास्त मागितलं तर देऊ नका.