स्वस्तात टीव्ही, फ्रिज, एसी घेताय? या चुका टाळा

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर '५० टक्क्यांपर्यंत सूट'च्या पाट्या झळकतात, आणि वर्षातले बरेच चांगले भाव खरंच याच दिवसांत मिळतात. चार दुकानं पालथी घालणं, घासाघीस करणं यात कमीपणा कसला? कष्टाचे पैसे आहेत. अडचण एवढीच की भाव करताना बहुतेकांची नजर चुकीच्या आकड्यावर असते. वस्तू घरात लागून चालू होईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, तो आकडा धरून बोलायला हवं.

एमआरपीवरून सूट मोजणं

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून दुकानदार जास्तीत जास्त किती घेऊ शकतो, ती मर्यादा. ती कंपनीच छापते. मोठा टीव्ही एमआरपीला कुणी घेत नाही, त्यामुळे ६२ हजार खोडून ३९ हजार लिहिले म्हणून २३ हजार वाचले असं होत नाही. तोच मॉडेल आज दुसऱ्या दुकानात कितीला आहे, हे बघा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. दिसायला सारखे दोन टीव्ही शेवटच्या दोन अक्षरांत वेगळे असतात आणि एकात एचडीएमआयचं एक पोर्ट कमी निघतं.

तसंच जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाईल आणि लॅपटॉपवर तो आधीपासूनच १८ होता. तेव्हा 'जीएसटी कमी झालाय साहेब' म्हणून कुणी फ्रिज दाखवत असेल, तर त्या वाक्याला काही अर्थ नाही. आणि एसीतसुद्धा भाव पूर्ण १० टक्के उतरत नाही. कर सोडून १०० रुपयांच्या वस्तूचे जुने १२८ रुपये आता ११८ होतात, म्हणजे पावणेआठ-आठ टक्के.

फक्त तारे मोजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बीईई म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं तारांकनाचं स्टिकर नीट वाचायला दोन मिनिटं लागतात. त्यावर तारे असतात, शिवाय लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे ते आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल तेही छापलेलं असतं. निकष ठरावीक काळाने कडक होतात. १ जुलै २०२२ ला एसीचे निकष एका पायरीने वर सरकले आणि आदल्या दिवशीचा ५ स्टार एसी दुसऱ्या दिवशी ४ स्टारचा ठरला. दुकानात मागे राहिलेला जुना माल सणात 'फाइव्ह स्टार, एवढ्या कमीत' म्हणून पुढे येतो. घ्यायला हरकत नाही, पण भाव आजच्या निकषाने करा.

तारे एकाच प्रकारच्या आणि एकाच मापाच्या वस्तूंत तोलायचे. मोठा ५ स्टार फ्रिज लहान ३ स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून युनिटचा आकडा बघा आणि आपल्या वीजबिलातल्या दराने गुणा. एसीच्या स्टिकरवरचा आकडा वर्षाला १६०० तासांचा असतो. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळाभर रात्रंदिवस एसी चालणाऱ्या घरात जास्त तारे लवकर वसूल होतात. महाबळेश्वरला पाहुण्यांच्या खोलीत महिनाभर लावायचा असेल, तर ३ स्टार पुरे.

नो-कॉस्ट ईएमआय फुकट समजणं

नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी म्हणून दिले जाणारे हप्ते. समजा टीव्ही ४८ हजारांचा आणि सहा हप्ते ८ हजारांचे. बँक व्याज घेतेच. ते वर्षाला साधारण १५ टक्के धरलं तर दोन हजारांच्या आसपास होतं. तेवढी सूट आधीच देऊन हिशेब जुळवलेला असतो. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३६५ रुपये, वर प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. म्हणून आधी विचारा, "रोखीने किती सोडाल?" दुकानदार रोखीला ४६ हजारांवर आला, तर हप्त्यांची खरी किंमत तिथेच कळते. पैसे एकदम काढणं शक्य नसेल तर हप्ते जरूर घ्या, पण हा फरक माहीत असू द्या.

फिटिंग भावात न धरणं

एसीचं बिल भरून झाल्यावर फिटिंगवाला येतो आणि मग यादी सुरू होते: बाहेरच्या युनिटचा स्टँड, भिंतीला भोक, ड्रेनचा पाइप, स्टॅबिलायझर, आणि खोक्यातला तांब्याचा पाइप पुरला नाही की जादा पाइप फुटाच्या भावाने. घरातून निघायच्या आधीच आतलं युनिट ते बाहेरचं युनिट हे अंतर टेपने मोजा. मग दुकानात 'सगळं लावून किती' हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दोन हजारांनी स्वस्त एसी या यादीत सहज महाग पडतो.

टीव्ही बघताना रिमोट हातात मागा. दुकानात तो भडक रंगांच्या डेमो मोडवर असतो. होम मोड लावायला सांगा आणि शक्य असेल तर पेन ड्राइव्हवर घरचाच व्हिडिओ नेऊन लावा.

वॉरंटीचंही फोडून विचारा. 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी आणि सर्किट बोर्ड त्यात नसतात. काउंटरवर गळ्यात मारली जाणारी जादा वॉरंटी कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे बघितल्याशिवाय सही करू नका.

बिल न घेणं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, 'बिलाशिवाय कमी लावतो' ऐकून मोह होतो. पक्क्या बिलाशिवाय कंपनीचं सर्व्हिस सेंटर हात वर करतं, तेव्हा मोह आवरा. बिलावरचा सीरियल नंबर आणि वस्तूवरचा नंबर दुकानातच ताडून बघा. मोबाईल असेल तर *#०६# दाबा, दिसणारा आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, खोक्याशी जुळवा आणि इंग्रजीत KYM लिहून पुढे तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, म्हणजे तो खरा आहे का ते कळेल.

खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा आणि खोकं-थर्माकोल लगेच भंगारात देऊ नका. वस्तू सदोष निघाली, तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलावरची ओळ बघून मागे फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.