ओपनडब्ल्यूआरटी अपग्रेड करताय? या चुका टाळा

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटरच्या आतल्या प्रणालीऐवजी) चढवायची लिनक्सवरची मुक्त प्रणाली. राउटर बंद पडला की घरातलं इंटरनेट जातं, आणि राउटर परत कसा उठवायचा हे लिहिलेलं असतं इंटरनेटवरच. अपग्रेड फसल्यावर माणूस अडकतो तो इथे. म्हणून बटणाला हात लावण्याआधी लॅपटॉपवर उतरवून ठेवा: नवी फाइल, सध्या चालू असलेल्या आवृत्तीची फाइल, तुमच्या मॉडेलच्या रिकव्हरीची सगळी कृती आणि सेटिंगचा बॅकअप. लॅन केबलही शोधून ठेवा. वायफायवरून अपग्रेड होतं, पण सेटिंग पुसली गेली तर बहुतेक राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीचं वायफाय मुळात बंदच असतं, मग आत शिरणार कुठून?

बॅकअपच्या बाबतीत एक चूक फार होते. टर्मिनलवरून बॅकअप घ्यायचा, तो टेम्प फोल्डरमध्ये ठेवायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. टेम्प म्हणजे राउटरची रॅम. रीस्टार्ट झालं की सगळं साफ. बॅकअप लॅपटॉपवर आणा आणि फाइल उघडून आत खरंच काही आहे ना ते बघा. तुमच्या इंटरनेट जोडणीचा युजरनेम-पासवर्ड त्यात साध्या अक्षरांत असतो, तेव्हा ती फाइल कुणालाही पाठवू नका.

या बॅकअपमध्ये सेटिंग असते, वरून टाकलेली पॅकेजेस (जादा प्रोग्राम) नसतात. अपग्रेडनंतर ती जातात आणि पुन्हा टाकावी लागतात. एरवी हे काम पाच मिनिटांचं. पण तुमचं इंटरनेट यूएसबी मोडेमवर चालत असेल आणि त्याचा ड्रायव्हरच वरून टाकलेला असेल, तर तो ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट नाही आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर नाही. अशांनी ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टर या वेबपानावर आपली पॅकेजेस आधीच घातलेली फाइल बनवून घ्यावी.

सगळी पॅकेजेस एका दमात अपग्रेड करू नका

डेस्कटॉपवरच्या लिनक्सची सवय असलेल्यांकडून हे हमखास होतं. माझ्याकडूनही झालं. यादीत जेवढी नवीन पॅकेजेस दिसली तेवढी ओपीकेजी या पॅकेज टाकायच्या कमांडने अपग्रेड केली. रात्री सगळं सुरळीत होतं. सकाळी वायफायचा पासवर्ड बदलायला गेलो तर सेव्ह होईना. जागा तपासली तर ओव्हरले, म्हणजे राउटरमधली लिहिता येणारी जागा, १०० टक्के भरलेलं. कारण साधं आहे. मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस नावाच्या फाइल-प्रणालीत असते आणि तिच्यावर लिहिता येत नाही. नवीन पॅकेज ओव्हरलेमध्ये जाऊन बसतं, जुनं खाली तसंच राहतं, म्हणजे जागा दोन्हींनी खाल्ली. वर कर्नल (प्रणालीचा गाभा) जुना आणि बाकीचं नवीन अशी फारकत होते ती वेगळीच. प्रणाली अपग्रेड करायची तर पूर्ण इमेजनेच, म्हणजे अख्ख्या प्रणालीच्या फाइलनेच करावी.

फाइल निवडताना

राउटरच्या बुडाशी मॉडेलपुढे व्ही १, व्ही २ असं लिहिलेलं असतं. हा आकडा सोडून देऊ नका. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत चिपच वेगळी असू शकते. फॅक्टरी नावाची फाइल कंपनीच्या फर्मवेअरवरून ओपनडब्ल्यूआरटीवर येण्यासाठी असते. ओपनडब्ल्यूआरटी आधीपासून असेल तर सिसअपग्रेडची फाइल घ्या. फाइल नीट उतरली ना हे बघायला तिचा एसएचए-२५६ चेकसम (साइटवर दिलेला तपासणीचा आकडा) जुळवा. ८ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ६४ एमबी रॅमपेक्षा कमी असलेल्या राउटरवर २१.०२ किंवा त्यापुढची आवृत्ती चढवायच्या भानगडीत पडू नका.

इमेज जुळत नाही असा इशारा आला आणि खाली 'फोर्स'ची चौकट दिसली, तर तिथे थांबा. आधी इशारा शब्द न् शब्द वाचा. २१.०२ पासून अनेक राउटरवर स्विचची (लॅनची पोर्ट सांभाळणाऱ्या भागाची) जुनी पद्धत जाऊन डीएसए ही नवी पद्धत आली. जुन्या नेटवर्क फाइलमध्ये 'ईटीएच०.१' अशी नावं होती, नवीन पद्धतीत 'लॅन१', 'लॅन२'. अशा वेळी जुनी सेटिंग तशीच पुढे नेली तर राउटर चालू होतो, दिवे लागतात, पण केबल लावूनही काही मिळत नाही. इशारा याच बदलाचा असेल तर सेटिंग न राखता अपग्रेड करा आणि नेटवर्क हाताने नव्याने मांडा. तासभर जाईल, पण हाच सरळ मार्ग आहे.

नवी फाइल राउटरवर लिहिली जायला लागली की वीज काढू नका. पहिल्या बूटला ओव्हरले नव्याने तयार होतं, दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो. निदान दहा मिनिटं थांबा.

नंतर राउटरचं पान उघडत नसेल तर

सेटिंग पुसली असेल तर राउटर बहुधा १९२.१६८.१.१ वर येतो, तुमचा नेहमीचा पत्ता काहीही असो. केबल काढून पुन्हा लावा म्हणजे लॅपटॉपला नवा आयपी मिळेल. लुसीचं (राउटरच्या सेटिंगचं) पान अर्धवट दिसत असेल तर ब्राउझरचा कॅशे पुसा. पान उघडतं पण इंटरनेट नाही, अशा वेळी राउटरच्या पुढचा, इंटरनेट जोडणीचा मोडेमही १९२.१६८.१.१ वरच आहे का बघा. दोन्हीकडे पत्त्यांची एकच रेंज असली की घोळ होतो. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ केला की सुटतं.

काहीच प्रतिसाद नसेल तर फेलसेफ मोड, म्हणजे तुमची सेटिंग बाजूला ठेवून राउटर उघडणं. लॅपटॉपला १९२.१६८.१.२ असा कायम आयपी द्या, राउटर चालू करा आणि दिवा भराभर लुकलुकू लागताच रीसेटचं बटण दाबा. मग १९२.१६८.१.१ वर रूट म्हणून एसएसएच करा (टर्मिनलवरून आत शिरा), पासवर्ड लागत नाही. 'फर्स्टबूट' कमांडने सगळी सेटिंग पुसून रीबूट करा.

फेलसेफही लागत नसेल तरी राउटर कायमचा गेला असं समजू नका. सिसअपग्रेड सहसा बूटलोडरला (राउटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हात लावत नाही, आणि बऱ्याच मॉडेलचा बूटलोडर टीएफटीपी या नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने फाइल घेतो. त्यासाठी लॅपटॉपचा आयपी आणि फाइलचं नाव मॉडेलनुसार ठरलेलं असतं, ते उतरवून ठेवलेल्या कृतीत मिळेल. सगळं बरोबर असूनही फाइल जात नसेल तर लॅपटॉपचं फायरवॉल तेवढ्यापुरतं बंद करून बघा. बहुतेक वेळा यूडीपी ६९ पोर्ट तिथेच अडलेला असतो.